नवे बेअरिंग, जुनीच घरघर!

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी १९४४ साली उभारणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांचा जन्म १८८२ साली येथेच झाला. तेव्हा मोटारीचे वेड सोलापूरच्या मातीतलेच, म्हणा ना! शुक्रवार पेठेतल्या दारापुढे मोटार आली, की तिची दुखणीही आलीच. त्यांतले एक मोठे फसवे : चाकाचे बेअरिंग बदलले, तरी घरघर चालूच.

मालक मिस्त्रीवर डाफरतो, मिस्त्री दुकानदाराकडे बोट दाखवतो आणि आणखी एका बेअरिंगचे पैसे जातात. पण वाचकहो, नाडी पाहिल्यावाचून मात्रा कशी द्यायची?

घरघर वेगाबरोबर वाढते काय? मग मोकळ्या रस्त्यावर बेताचे वळण घेऊन ऐका. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज चढला, तर संशय उजव्या बाजूवर. पुष्कळदा बदलले जाते एका बाजूचे आणि खराब असते दुसरीकडचे!

टायरही असेच सोंग आणतो. वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा गुरगुरतो. त्याच बाजूची पुढची-मागची चाके अदलाबदल करावीत. आवाजाने जागा बदलली, तर चोर टायरच. काम केल्यापासून पत्रा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर डिस्कमागचा पातळ पत्रा वाकला आहे का, ते पाहावे.

मात्र चाक वर उचलून वरखाली धरून हलवल्यावर डुगडुगले, किंवा थोड्या प्रवासानंतर एकच हब फार तापले, तर गाडी बाहेर काढू नये. नट कंपनीने दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच आवळलेला हवा. नवे बेअरिंग हबमध्ये हातोड्याने ठोकून बसवले, तर गोळ्यांचे घाव कड्यावर उमटतात आणि ते आठवड्यातच ओरडू लागते. ते प्रेसने, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवावे लागते. आणि एबीएसचा दिवा लागला, तर काही गाड्यांत बेअरिंगची चुंबकी बाजू उलटी बसल्याची ती खूण असू शकते.

दिवाळीत तुळजापूरला जायचे, तर अंतर सुमारे ४५ किलोमीटर. मुलेबाळे बसवण्याआधी गावाबाहेर एक फेरी मारावी आणि चारही हब तपासावीत. देवीचे दर्शन अर्धा तास उशिरा झाले, तरी चालेल. वाटेत चाक दगा देता कामा नये.