संकेतस्थळाच्या पानांची शोधयंत्रातील नोंद व तिची पडताळणी : वेंगुर्ल्याच्या काजूविषयक मराठी माहितीच्या संदर्भात

प्रस्तावना :
वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग) येथे १९५७ मध्ये प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची स्थापना झाली. हे केंद्र आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली यांच्या अखत्यारीत आहे. मिदनापूर रेड व वेतोरे-५६ यांच्या संकरातून येथे निर्माण झालेली ‘वेंगुर्ला-४’ ही काजूची जात १९८१ मध्ये, तर ‘वेंगुर्ला-७’ ही जात १९९७ मध्ये प्रसारित झाली. अशा जातींची लागवड, खतांच्या मात्रा व ढेकण्या किडीचा बंदोबस्त यांची माहिती मराठीत संकेतस्थळावर ठेवली म्हणजे ती बागायतदारापर्यंत पोहोचली, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि शोधयंत्राच्या सूचीत ज्या पानाची नोंद नाही, ते पान शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून ही नोंद कशी तपासावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सूची तयार होण्याची प्रक्रिया :
शोधयंत्र प्रश्न विचारल्यावर संपूर्ण महाजाल धुंडाळीत नाही. ते आधीच तयार केलेल्या सूचीत पाहते. या कामाचे तीन टप्पे आहेत. प्रथम यंत्राला पानाचा पत्ता समजतो. नंतर त्याचा स्वयंचलित वाचक ते पान उघडून वाचतो. शेवटी त्यातील शब्दांची नोंद सूचीत होते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर पान अडू शकते. त्यामुळे ‘पान दिसत नाही’ एवढे कळणे पुरेसे नाही. ते कोठे अडले, हे कळले पाहिजे.

पडताळणीच्या पायऱ्या :
१) शोधचौकटीत रोमन लिपीत ‘साईट’ हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम (:) आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहिल्यास त्या स्थळाची नोंदलेली पाने दिसतात. मात्र ही यादी परिपूर्ण नसते. ती केवळ अंदाजासाठी वापरावी.

२) निश्चित उत्तरासाठी गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे विनामूल्य साधन उपयोगी पडते. २०१५ पूर्वी ते ‘वेबमास्टर टूल्स’ या नावाने ओळखले जाई. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यावर एकेका पानाची स्थिती त्यात पाहता येते. ‘पत्ता माहीत आहे, पण नोंद नाही’ याचा अर्थ पान अद्याप वाचलेलेच नाही. ‘वाचले, पण नोंद नाही’ याचा अर्थ वाचूनही ते सूचीत घेतलेले नाही. बिंग या शोधयंत्राचेही असेच साधन आहे.

३) ‘रोबोट्स’ नावाच्या धारिकेत वाचकाला मज्जाव केलेला नाही ना, तसेच पानाच्या शीर्षभागात ‘नो-इंडेक्स’ ही सूचना राहून गेलेली नाही ना, हे पाहावे. संकेतस्थळ तयार होत असताना घातलेली अशी बंदी काढण्याचे विसरले जाऊ शकते.

४) सर्व पानांच्या पत्त्यांचा नकाशा, म्हणजे ‘साईटमॅप’, सादर करावा. अशा एका धारिकेत ५०,००० पर्यंत पत्ते देता येतात. मात्र त्यामुळे पत्ता कळतो. नोंदीची हमी मिळत नाही.

मराठी पानांच्या विशेष अडचणी :
पहिली अडचण टंकाची आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचा बराचसा मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव यांसारख्या टंकांत लिहिला गेला. पडद्यावर तो मराठी दिसतो. परंतु त्याखाली साठवलेले संकेतांक रोमन अक्षरांचे व चिन्हांचे असतात. शोधयंत्र संकेतांक वाचते. परिणामी ते पान सूचीत असूनही ‘काजू’ या शब्दाने सापडत नाही. याची परीक्षा सोपी आहे. पानावरील एक ओळ उचलून साध्या मजकूर-संपादकात चिकटवावी. तेथे निरर्थक रोमन अक्षरे उमटल्यास मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आवश्यक आहे. छायाचित्राच्या स्वरूपात चढवलेली पत्रकेही त्याऐवजी टंकलिखित मजकुराच्या रूपात द्यावीत.

दुसरी अडचण नावाची आहे. गावाचे नाव ‘वेंगुर्ले’ असे लिहितात आणि ‘वेंगुर्ला’ असेही. काजूच्या जातींना तर ‘वेंगुर्ला’ हेच रूप चिकटले आहे. शोधयंत्र दोन्ही रूपे प्रत्येक वेळी एकच मानील, याची खात्री नाही. म्हणून दोन्ही रूपे मजकुरात स्वाभाविकपणे यावीत आणि पडताळणीही दोन्ही रूपांनी करावी.

समारोप :
पान नोंदले जाणे आणि ते योग्य शब्दाने सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. मोहोरावर कीड दिसताच बागायतदार आपल्या भाषेत प्रश्न विचारतो. त्या क्षणी उत्तर न मिळाल्यास ते कोठेतरी लिहून ठेवलेले होते, याचा त्याला उपयोग नाही. म्हणून माहिती प्रकाशित करणाऱ्या संस्थेने पान चढवल्यावर आणि त्यात बदल केल्यावर ही पडताळणी करणे, हा प्रकाशनाचाच एक भाग मानला पाहिजे.