चाकांवरचे बिऱ्हाड

मोटारीतच निजण्याची, शिजविण्याची व स्नानाची सोय करून घेऊन डोंगराळ आणि वाळवंटी मुलुखांतून महिनेच्या महिने हिंडणारी कुटुंबे अमेरिकेत पुष्कळ आढळतात. आपल्याकडेही ही हौस अलीकडे रुजू लागली असून, महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाकरिता स्वतंत्र धोरण जाहीर केले. परंतु बिऱ्हाड चाकांवर चढविण्याची विद्या मराठी माणूस परदेशाकडून शिकला, असा समज कोणी करून घेऊ नये. बीड जिल्ह्यातील केज, धारूर, पाटोदा इत्यादी तालुक्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी जी कुटुंबे बाहेर पडतात, त्यांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. मात्र तेथे हौस माणसाला घराबाहेर काढते, येथे पोट काढते.

याचे मूळ प्रथम त्या भूमीत शोधले पाहिजे. केजचा प्रदेश बालाघाटाच्या डोंगररांगांचा. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पलीकडच्या या मुलुखाच्या वाट्यास उरलासुरला पाऊस येतो. हे वाळवंट नव्हे. पण माथ्यावरची जमीन हलकी व उथळ असल्याने पडलेले पाणी तिच्यात टिकत नाही. खरिपाचे एक पीक पदरात पडले की अनेकांच्या हातांना काम उरत नाही. मांजरा नदीवरील मोठे धरण केज तालुक्यातच धनेगाव येथे आहे. परंतु २०१६ च्या उन्हाळ्यात तेही आटले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले. धरणाची ही गत, तर माथ्यावरील विहिरींची काय कथा!

आता कामासाठी माणूस परगावी जातो खरा, पण संपूर्ण संसार बरोबर कशासाठी न्यावा लागतो? त्याचे उत्तर उसाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरेचा अंश उतरू लागतो. म्हणून तो शक्य तर एका दिवसाच्या आत चरकात गेला पाहिजे. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. त्याला लागणारा ऊस रोज ताजा तोडून देणारा मजूर फडाच्या जवळपासच राहावयास हवा. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकाच्या सीमाभागात असे कारखाने पसरलेले आहेत.

या मजुरीचा हिशेब माणसावर होत नाही, कोयत्यावर होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यातच मुकादम या जोडीस रोख रक्कम आगाऊ देतो. तिला उचल म्हणतात. ही उचल हंगामभर ऊस तोडून फेडावयाची असते, आणि फिटली नाही तर बाकी पुढील वर्षावर चढते. ज्यांच्यापाशी बैल असतात ते स्वतः तोडलेला ऊस गाडीने कारखान्यावर नेतात. ज्यांच्यापाशी नसतात ते मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरतात.

पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा कित्येक दिवस वाट चालत; आज बहुधा ट्रक किंवा ट्रॅक्टरच बैलांसह सारे सामान वाहून नेतो. धान्याची पोती, तवा, परात, हंडे, वाकळा, कोंबड्यांचे खुराडे, एखादी शेळी आणि वर बसलेली मुले, असे ते बिऱ्हाड असते. तळावर पोहोचताच बांबू रोवून त्यांवर चटया, पाचट वा प्लॅस्टिकचे कापड पसरले की कोपी उभी राहते. तीत वाकल्यावाचून शिरता येत नाही. स्त्रिया पहाटेपूर्वी उठून भाकऱ्या थापतात व अंधारातच फडात जातात. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, बैलांस वैरण होतात आणि उरलेले विकून मीठमिरचीची सोय होते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आहे. तिच्यात जी काटकसर अभिप्रेत आहे ती या कोपीत पूर्णत्वास गेलेली दिसते.

तथापि संसारातील सर्वच गोष्टी गाडीत मावत नाहीत. गावची शाळा मागे राहते, दवाखाना मागे राहतो. अनेक तळांवर पाणी दुरून आणावे लागते आणि शौचालयाचा पत्ता नसतो. एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड बसतो. म्हणून स्त्रिया दुखणी अंगावर काढतात. त्याचा परिणाम किती भयंकर होतो, हे २०१९ साली उघडकीस आले. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकलेली आढळली. शासनाने या प्रकाराच्या चौकशीकरिता नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मुलांची शाळा सुटू नये म्हणून २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तिचा हेतू उत्तम आहे; कारण मूल गावाकडे सुखरूप राहिले तरच आईबापांच्या मागे कोयता त्याच्या हाती येण्याचे टळेल.

पर्यटनाच्या त्या धोरणात एक तत्त्व मान्य केलेले आहे: फिरते घर जेथे मुक्काम करील, तेथे पाणी, वीज व रस्ता या सोयी असल्या पाहिजेत. हे तत्त्व योग्यच होय. मात्र चार दिवसांच्या सहलीस जे आवश्यक ठरते, ते पाच-सहा महिन्यांच्या मुक्कामास अनावश्यक कसे ठरेल? कारखान्याच्या तळावर पाण्याचा नळ, आडोशाचे शौचालय, रात्री दिवा आणि आठवड्यातून एकदा येणारी वैद्यबाई एवढे जरी मिळाले, तरी उन्हाळ्याच्या तोंडी केजकडे परतणाऱ्या गाडीत उचलीच्या बाकीबरोबर आजारपणाचे ओझे येणार नाही.