एक 'नको' गळला

सतराव्या शतकातल्या लंडनच्या छापखान्यात शिरलं की आधी नाक धरावं लागत असणार. शाई लावायचे कातडी गोळे मऊ राहावेत म्हणून कामगार ते रात्री चक्क लघवीत भिजत घालत. सकाळी एकजण त्या गोळ्यांनी फर्म्यावर शाई थोपटायचा, दुसरा ओलसर कागद घालून दांडा ओढायचा. तासाला 250 ताव हे त्यांचं माप. ते रोज गाठलं जाईच असं नाही. जुळारी शिशाचे खिळे एकेक उचलून उलटे लावायचा आणि उलटेच वाचायचा. हे शिकायला निदान 7 वर्षांची उमेदवारी!

तरी चुका व्हायच्याच. रॉबर्ट बार्कर हा खुद्द राजाचा मुद्रक. 1631 साली त्याच्याकडे छापलेल्या बायबलात दहा आज्ञांपैकी एकीतला 'नको' गळला, आणि व्यभिचार करण्याची आज्ञाच छापून गेली. बार्कर आणि त्याच्या भागीदाराला 300 पौंड दंड झाला. बार्कर आधीच कर्जात बुडालेला. पुढे तो तुरुंगातच वारला. त्या बायबलाच्या बहुतेक प्रती गोळा करून नष्ट केल्या गेल्या. ज्या थोड्या सुटल्या, त्यांना आज संग्राहक भरमसाट किंमत मोजतात, तीही त्या चुकीपायीच.