शाहू मोडक : बालनटापासून नटापर्यंत

मराठी बोलपटाचा आरंभ १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटाने झाला. बोलपटाला ज्या नटांची गरज भासली ते प्रथम रंगभूमीवरूनच आले. त्या काळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. गाणे चित्रण होत असतानाच म्हणावे लागे. म्हणून ज्याला गळा आहे आणि शब्दोच्चाराची शिस्त आहे असाच नट तेथे उपयोगी पडे. संगीत नाटकाच्या परंपरेत असे नट लहानपणापासूनच तयार होत. अहमदनगरचे शाहू मोडक हे या संक्रमणाचे एक बोलके उदाहरण होय.

मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. नगर हे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचे केंद्र होते. परंतु धर्मांतराने तेथील समाज मराठी संतपरंपरेपासून सर्वस्वी तुटला नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच नगरात राहून अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भजने रचली. ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे एका ख्रिस्ती मुलाने कृष्णाची भूमिका करावी आणि प्रेक्षकांनी ती निःशंकपणे स्वीकारावी, यातील नवल बरेच ओसरते.

रंगभूमीवर बालनट म्हणून वावरल्यानंतर मोडक यांनी १९३२ साली सरस्वती सिनेटोनच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटात कृष्णाची भूमिका केली. दिग्दर्शक भालजी पेंढारकर होते व राधेच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. हा बोलपट मुंबईत सलग पंचवीस आठवडे चालला. चौदा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलेले हे यश लहान नव्हते.

पुढल्याच वर्षी ‘आउट घटकेचा राजा’ या चित्रपटात त्यांनी दुहेरी भूमिका केली. मूकपटात साळुंके यांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका १९१७ सालीच केल्या होत्या, बोलपटात मात्र हा प्रयोग नवा होता. अशा दृश्यासाठी सामान्यतः भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करीत, फीत मागे घेत आणि उरलेल्या अर्ध्या भागात त्याच नटाचे पुन्हा चित्रण करीत. बोलपटात त्यात आणखी एक अडचण होती. समोर कोणी नसताना नटाला आपल्याच वाक्याला उत्तर द्यावे लागे, आणि तेही नेमक्या वेळी.

तथापि खरी कसोटी पुढेच होती. बालनटाचे यश बहुधा त्याच्या वयाशी बांधलेले असते. कंठ फुटला की पूर्वीचा स्वर जातो, आणि चेहऱ्यावरील कोवळेपणाही टिकत नाही. एवढ्यावरच ज्याची कीर्ती उभी असेल तो नट तेथेच थांबतो. मोडक थांबले नाहीत. १९३९ साली व्ही. शांताराम यांनी ‘माणूस’मध्ये त्यांना गणपत या पोलीस शिपायाची भूमिका दिली. शांता हुबळीकर यांनी रंगविलेल्या मैना या वेश्येवर जडलेले प्रेम आणि घरचे संस्कार यांत सापडलेला हा साधा माणूस आहे. येथे मुकुट नाही, बासरी नाही. देवत्वाचा आधार न घेता नटाला उभे राहावे लागते. या भूमिकेने मोडक प्रौढ नट ठरले.

१९४० साली दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे नगर जिल्ह्यातच आहे. ज्ञानेश्वरांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. भूमिका करणारा नटही जवळजवळ त्याच वयाचा होता. येथे तारुण्य व शांतपणा एकत्र दिसणे आवश्यक होते, आणि गणपतच्या भूमिकेतील संयम या ठिकाणी उपयोगी पडला असे म्हणता येईल.

पुढे कृष्णाच्या भूमिका त्यांच्याकडे वारंवार येत राहिल्या आणि लोकांच्या स्मरणातही त्याच अधिक राहिल्या. ११ मे १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु अभ्यासकाने १९३२ ते १९४० ही आठ वर्षे विशेष लक्षपूर्वक पाहावीत. रंगभूमीने दिलेला गळा बोलपटाच्या दारापर्यंत घेऊन आला. आत टिकून राहण्यासाठी मात्र अभिनयच कमवावा लागला.