छायाचित्रातील छाया : कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेल्या फ्लॅशची प्राथमिक ओळख



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते आपल्या शाळेचे चित्रकला-शिक्षक होते. त्यांच्या वर्गात बसलेल्यांना आठवत असेल की, मडके किंवा चेंडू रेखाटण्यापूर्वी उजेड कोणत्या बाजूने येतो हे बोटाने दाखवावे लागे. त्यांच्या स्मृतिदिनी उजेडाविषयी बोलणे उचितच आहे. मात्र मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने फ्लॅशविषयी बोलावे, याचा खुलासा करणे अवश्य आहे. निवृत्तीनंतर इंदूरच्या जुन्या मराठी कुटुंबांतील वयोवृद्धांची बोली ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी हाती घेतले. प्रत्येक मुद्रणासोबत बोलणाऱ्याचे एक नीट छायाचित्र असावे असे ठरले. वाड्यांची माजघरे अंधारी, आणि माणसे नव्वदीच्या घरातली. त्यांना उन्हात नेऊन बसविणे शक्य नव्हते. म्हणून हा विषय मला वयाच्या सत्तरीत मुळाक्षरांपासून शिकावा लागला. जे उमगले ते शिकणाऱ्याच्या क्रमाने आपल्यापुढे ठेवतो.

हा विषय केवळ हौसेचा नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्र शोधण्याची धांदल उडते. हाती लागते ते बहुधा कोणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून कापून मोठे केलेले असते. ते कॅमेऱ्यावर बसविलेल्या फ्लॅशने काढलेले असते. चेहरा पिठासारखा पांढरा, डोळ्यांत लाल ठिपका आणि मागे भिंतीवर काळी कडा. पुढील पिढ्यांना आजी-आजोबा ठाऊक होतात ते त्या चित्रावरून. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या समाजात तर त्या चेहऱ्याबरोबर एका बोलीची आणि एका राहणीची शेवटची खूण जात असते. ती खूण नीट उमटावी, एवढाच या खटाटोपाचा हेतू.

प्रथम, ते चित्र असे का होते ते पाहू. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला की तो चेहऱ्यावर समोरून पडतो. नाकाची सावली नाकामागे आणि गालाची गालामागे लपते. भिंगाला एकही सावली दिसत नाही. आपली दृष्टी उंचसखलपणा ओळखते ती बव्हंशी सावलीवरून. सावली गेली की चेहऱ्याचा घाट जातो. डोळ्यांतील लाली हीही त्याच शेजाराची करणी आहे. प्रकाश बाहुलीतून आत शिरून रक्ताने भरलेल्या पडद्यावरून थेट भिंगाकडे परततो. मूळ ग्रीक शब्दांनुसार ‘फोटोग्राफी’ म्हणजे प्रकाशलेखन. मराठीने ‘प्रकाशचित्र’ हा शब्द घेतला, पण रूढ केला तो ‘छायाचित्र’. शिकणाऱ्याने हा दुसरा शब्द ध्यानी धरावा. कॅमेऱ्यावरील फ्लॅश उजेड देतो आणि छाया हिरावतो. तो कॅमेऱ्यावरून काढून बाजूला नेणे म्हणजे ती छाया परत मिळविणे होय.

ही कल्पना नवी नाही. १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांच्या पिढीची भिस्त दिवसाच्या उजेडावर होती. स्टुडिओच्या काचेच्या छताखाली पडदे सरकवून उजेडाची दिशा ठरविली जाई. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पेटणारी पूड सिद्ध झाली. न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस याने ती वापरून तेथील गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या जगासमोर आणल्या. त्याचे पुस्तक १८९० साली प्रसिद्ध झाले. या पुडीने आपण दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाच आग लावल्याचे त्याने नमूद केले आहे. १९२९ च्या सुमारास काचेचा फ्लॅशबल्ब आला, आणि १९३१ साली अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झोताचे तंत्र विकसित केले. आजचा फ्लॅश याच तंत्राचा वंशज आहे. उजेड खिशात मावू लागला तशी सोयीसाठी त्याची जागा कॅमेऱ्याच्या माथ्यावर ठरली, आणि जुन्या स्टुडिओतील दिशेचे भान हौशी माणसाच्या हातून सुटले.

आता साधने. स्वतंत्र फ्लॅश एकच घ्यावा. त्याची शक्ती हाताने कमी-अधिक करता आली पाहिजे. पूर्ण शक्ती, मग १/२, १/४, अशी ती सामान्यतः १/१२८ पर्यंत उतरते. कॅमेऱ्याचा संदेश फ्लॅशपर्यंत पोहोचविण्यासाठी पूर्वी तार लागे. आता रेडिओ-लहरींवर चालणारा ट्रिगर मिळतो. त्याचा एक भाग कॅमेऱ्यावर बसतो आणि दुसरा फ्लॅशला जोडतात किंवा तो फ्लॅशमध्येच असतो. याखेरीज एक उभा स्टँड, एक पांढरी छत्री, ती दोन्ही जोडणारी पकड, आणि स्टँडच्या पायावर ठेवायला वाळूची पिशवी किंवा वीट. वीट ही विनोदाची गोष्ट नव्हे. छत्री वाऱ्याच्या झुळकेने उलटते, आणि तिच्याखाली कोणाची तरी आजी बसलेली असते.

साधने जमली की तीन गोष्टी शिकायच्या : दिशा, अंतर आणि आकार. त्या याच क्रमाने शिकाव्यात.

दिशेचा अभ्यास माणसावर करू नये. एका स्टुलावर मातीचे मडके ठेवावे. कॅमेरा न हलवता फ्लॅश आधी कॅमेऱ्याशेजारी, मग अर्धा काटकोन बाजूला, मग थेट बाजूला आणि शेवटी मडक्याच्या मागल्या अंगास ठेवून चार चित्रे घ्यावीत. पहिल्यात मडके थाळीसारखे सपाट दिसेल. दुसऱ्यात त्याला पोट येईल. तिसऱ्यात अर्धे मडके अंधारात जाऊन मातीचा खरखरीतपणा उठून दिसेल. चौथ्यात केवळ कडेची रेघ उजळेल. चेहऱ्यासाठी आरंभ दुसऱ्या जागेपासून करावा : फ्लॅश सुमारे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून तितकाच वर. सूर्य बहुतेक वेळ वरूनच उजेड देत असल्याने ही दिशा आपल्याला स्वाभाविक वाटते. दूरच्या गालावर उजेडाचा लहान त्रिकोण पडतो. डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या व्यक्तिचित्रांवरून त्याला त्याचे नाव पडले आहे. तिसऱ्या जागेचा उजेड सुरकुत्या कोरून काढतो. तो कोठे वापरावा हे ज्याच्या त्याच्या सद्‌विवेकावर सोडतो.

अंतराचा नियम भौतिकीच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाठ केलेला आहे : प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. एक मीटरवर जितका उजेड, त्याचा दोन मीटरवर चौथा भाग आणि तीन मीटरवर नववा. या नियमाचा उपयोग भिंतीकडे पाहिल्यावर कळतो. समजा, माणूस भिंतीपासून एक मीटर पुढे बसला आहे. फ्लॅश त्याच्यापासून एक मीटरवर ठेवला, तर भिंत फ्लॅशपासून दोन मीटरवर येते आणि तिला चेहऱ्याच्या चौथा हिस्सा उजेड मिळतो. ती काळवंडते आणि चेहरा पुढे येतो. तोच फ्लॅश तीन मीटरवर नेऊन शक्ती वाढविली, तर भिंत चार मीटरवर येते आणि तिला चेहऱ्याच्या नऊ-सोळांश, म्हणजे निम्म्याहून अधिक उजेड मिळतो. चेहरा आणि भिंतीवरचे कॅलेंडर सारखेच बोलू लागतात. मूळचे सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात ज्योतीलगतची बोटे सर्वांत उजळ आहेत, चेहऱ्यावर त्याहून सौम्य उजेड आहे आणि साडीच्या खालच्या भागाकडे तो मावळत जातो. हा नियम डोळ्यांनी शिकायचा असेल, तर ते चित्र पाहावे.

तिसरी गोष्ट आकाराची. लहान उगमातून आलेला प्रकाश धारदार सावली टाकतो, मोठ्या उगमातून आलेला मऊ. येथे आकार म्हणजे बसलेल्या माणसाच्या जागेवरून तो उगम केवढा दिसतो ते. सूर्य प्रचंड आहे, पण फार दूर असल्याने आकाशात रुपयाएवढा दिसतो; म्हणून उन्हाची सावली कडक. ढग आले की सगळे आकाशच दिवा होते आणि सावली विरघळते. फ्लॅशचे तोंड हाताच्या पंजाहूनही लहान असते. त्यापुढे पांढरी छत्री धरली किंवा फ्लॅश चुन्याच्या भिंतीकडे वळवला, की ती छत्री अथवा भिंतच उजेडाचा उगम बनते. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या १९५६ च्या चित्रपटात बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि खालून दिवे त्यावर टाकून परतलेल्या उजेडात चित्रण केले. पाहणाऱ्याला ते खरेच उघडे अंगण वाटते. आपल्या माजघरात एक धुतलेली पांढरी चादर हेच काम करते. छत्री जितकी चेहऱ्याजवळ, तितकी छाया मऊ. भिंतीला मात्र रंग असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. हिरव्या भिंतीवरून परतलेल्या उजेडाने माणूस आजारी दिसतो.

यानंतर कॅमेऱ्याचा भाग येतो आणि येथे नवशिका हमखास घुटमळतो. फ्लॅश वापरून घेतलेल्या चित्रात दोन उजेडांची नोंद एकदम होते : एक खोलीतला, सतत असणारा, दुसरा फ्लॅशचा, साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही अल्प. शटर किती वेळ उघडे राहते यावर खोलीचा उजेड अवलंबून असतो. फ्लॅश त्या अवधीत केव्हाच येऊन गेलेला असल्याने शटरचा वेळ वाढविला म्हणून तो वाढत नाही. त्याचे प्रमाण ठरते ते त्याच्या शक्तीवर, अंतरावर आणि भिंगाच्या ॲपर्चरवर. ॲपर्चर आणि आयएसओ यांचा परिणाम मात्र दोन्ही उजेडांवर होतो. एवढे पक्के झाले की पुढचे सोपे आहे.

शटरला एक मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती सेकंदाच्या १/२०० ते १/२५० इतकी असते. शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक सरकतात. वेग त्याहून वाढविला, की दुसरा पडदा आधीच निघतो, पूर्ण चौकट एका वेळी कधीच उघडी राहत नाही, आणि चित्रात काळा पट्टा उमटतो. त्यामुळे आरंभीचा क्रम असा ठेवावा. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्हींचे स्वयंचलित मोजमाप बंद करावे. आयएसओ २००, ॲपर्चर एफ ५.६ आणि शटर १/२०० ठेवून फ्लॅशविना एक चित्र घ्यावे. अंधाऱ्या खोलीत ते जवळजवळ काळे येईल, आणि ते तसेच यायला हवे. आता छत्रीसह फ्लॅश चेहऱ्यापासून मीटरभर ठेवून १/८ शक्तीवर दुसरे चित्र घ्यावे. चेहरा फिका पडला तर शक्ती एक पायरी उतरवावी, काळवंडला तर चढवावी. शेवटी मागचा देव्हारा किंवा खिडकी दिसावी असे वाटले, तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून शटर १/६०, मग १/३० असे मंद करीत जावे. चेहरा बदलत नाही, खोली हळूहळू उजळते. घरातले पिवळे दिवे फ्लॅशहून पुष्कळ तांबूस असतात. दोन्ही जुळवायचे तर फ्लॅशच्या तोंडाशी नारिंगी पारदर्शक पत्रिका लावावी.

मडक्यानंतर पितळेचा चकचकीत तांब्या घ्यावा. त्यात छत्रीचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते, आणि ते कोठे सरकते हे पाहून परावर्तनाचा नियम हाती येतो. हा धडा पुढे चष्म्यासाठी लागतो. काचांवर पांढरा डाग आला तर छत्री आणखी वर आणि बाजूला न्यावी, किंवा हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावी. चष्मा काढायला सांगू नये. चाळीस वर्षे चष्मा लावलेल्या माणसाचा चष्म्याविना चेहरा घरच्यांनाही परका वाटतो. डोळ्यांत छत्रीचा एक लहान ठिपका मात्र अवश्य राहावा, कारण त्याच्याविना नजर विझल्यासारखी दिसते. सावलीकडची बाजू फारच काळी झाली, तर दुसरा फ्लॅश न आणता त्या अंगाला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा. ज्यांना फेफऱ्याचा त्रास आहे किंवा ज्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांना आधी विचारून घ्यावे.

या तंत्राचे फळ काय, याचे एकच उदाहरण देतो. आमच्या मुद्रणांतील एक आजी नऊवारीतल्या, अत्यंत मितभाषी. डाव्या अंगाने छत्रीचा उजेड आल्यावर कपाळावरचे गोंदण, कानांची लांबलेली पाळी आणि ओठांच्या कोपऱ्यातले दबलेले हसू एकत्र उमटले. त्या गेल्यानंतर घरच्यांनी तेच चित्र दिवाणखान्यात लावले. त्यांची नात मला म्हणाली, “काका, आजी आता काही बोलणार असं वाटतं.” ध्वनिफितीत जे शब्द आहेत त्यांना हा चेहरा मिळाला, याचे मला समाधान आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उत्तम कॅमेरे आहेत. येत्या सुट्टीत एक फ्लॅश, एक छत्री आणि एक वीट घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे अर्धा तास बसावे. त्यांना बोलते करावे आणि बोलण्याच्या ओघातच चित्र घ्यावे. काढलेले चित्र कागदावर छापून मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि एक प्रत शाळेच्या संग्रहास द्यावी. वर्गात उजेडाची बाजू दाखवायला लावणाऱ्या गुरूंना याहून योग्य अभिवादन मला सुचत नाही.