नाव ठेवण्याचा हक्क आईबापांचा, सरकारचा नव्हे!

मुलांची नावे काय असावीत यावर सरकारने बंधन घालावे काय, असा प्रश्न हल्ली अधूनमधून चर्चेला येतो. विचित्र नावांमुळे मुलांची चेष्टा होते, आडनावांमुळे जात उघडी पडते, तेव्हा सरकारने यादीच करावी आणि यादीबाहेरचे नाव नोंदवू नये, असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. हेतू चांगला असेलही. पण आंबेडकरी समाजाने या मागणीला मान डोलावण्यापूर्वी आपला इतिहास आठवावा. नावावर कायद्याचा पहारा असणे म्हणजे काय, हे या देशात आपल्याइतके कोणी भोगलेले नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बारशाचा कायदा आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असा तो दंडक. नावाच्या पुढच्या भागातूनही शूद्राचे दास्यच दिसले पाहिजे, ही पुढची तरतूद! म्हणजे मूल पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरवून टाकायची. ज्यांना यातून वगळले होते त्या अस्पृश्यांची गत तर विचारूच नका. कचरू, धोंड्या, दगड्या ही नावे आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आली. मूल जगावे म्हणून काही आईबापांनीही अशी नावे ठेवली, हे खरे. पण यशवंत नाव ठेवले तरी गावाने त्याचा येश्याच केला, हेही तितकेच खरे. कोरेगावच्या विजयस्तंभावर ज्या शूरांच्या नावांना ‘नाक’ हा प्रत्यय आहे, त्यांच्या वंशजांना गावगाड्याने सन्मानाने हाक मारली नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले. ते महाड आणि आमचे खारघर आज एकाच रायगड जिल्ह्यात आहेत. त्या आगीत नावाचा तो कायदाही जळाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, करुणा जन्माला आले. यासाठी कोणत्याही सरकारने परिपत्रक काढले नव्हते. निरक्षर आयांनी स्वतःहून आपल्या लेकरांना बुद्धाच्या परंपरेतील नावे दिली. चळवळीची ही क्रांती पाळण्यातून झाली, तिची दखल इतिहासकारांनी घेवो अथवा न घेवो.

सरकार नाव ठेवू लागले की काय होते, हे आपण १९३८ सालीही पाहिले. त्या वर्षी जानेवारीत मुंबई कायदेमंडळात स्थानिक मंडळांच्या विधेयकातून अस्पृश्यांना ‘हरिजन’ हे नाव कायद्याने चिकटवण्याचा घाट काँग्रेस सरकारने घातला. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. बहुमताच्या जोरावर सरकार ऐकेना, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांचे नाव ठेवायचे त्यांनाच विचारायचे नाही, हा अपमान त्यांनी सहन केला नाही. त्याच १९३८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत हिटलरच्या राजवटीने ज्यू पुरुषांना ‘इस्रायल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ ही जादा नावे सक्तीची केली. १९८४-८५ मध्ये बल्गेरियाने आपल्या तुर्क नागरिकांची नावे बळजबरीने बदलली. अशा सक्तीचा पहिला घाव दुबळ्यांवरच पडतो. आज यादी करणारे सज्जन असतील, उद्या ‘तथागत’ किंवा ‘भीमराव’ या नावांवर फुली मारणारे त्याच खुर्चीत बसणार नाहीत याची हमी कोण देणार?

मग सरकारने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. साताऱ्यात मुलगी नको म्हणून ‘नकुशी’ नाव लादलेल्या मुली होत्या. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथे २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे मिळाली. नाव बदलण्याची वाट सरकारी यंत्रणेने मोकळी करून दिली. हीच योग्य रीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे हटवून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तोही योग्यच, कारण वस्तीची पाटी ही सरकारची स्वतःची पाटी आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचे नाव बंधनकारक झाले. यातही मुलाचे नाव हिरावले जात नाही, पुसलेल्या आईचे नाव परत येते. फरक एवढाच लक्षात ठेवावा. सन्मान वाढवणारा नियम वेगळा आणि निवड हिसकावणारा नियम वेगळा.

आडनावांचे म्हणाल तर आमच्या खारघरात विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकणातून आलेले लोक राहतात. येथे भाड्याने घर बघायला गेले की पहिले नाव सांगून भागत नाही, ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न हमखास येतो. हा रोग विचारणाऱ्याच्या डोक्यात आहे, सांगणाऱ्याच्या नावात नाही. आडनावांवर बंदी घातली तर तो गाव विचारील, देव विचारील, भिंतीवरचा फोटो पाहील. कायदा करायचाच असेल तर जात पाहून घर नाकारणाऱ्याविरुद्ध करावा!

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नाव हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आहे. तेव्हा मागणी करायचीच तर ही करा: नाव बदलणे गरिबाला परवडेल इतके सोपे व्हावे आणि आजोबांचे आडनाव एक, नातवाचे दुसरे म्हणून जात पडताळणीत हेलपाटे घालायला लावू नयेत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. म्हणून समाजबांधवांनी पालिकेतून दाखला घेताना नावातील काना, मात्रा, वेलांटी तिथल्या तिथे तपासावी. बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेला हा हक्क आहे. तो यादीवाल्यांच्या हाती देऊ नका आणि कारकुनाच्या चुकीपायीही घालवू नका.

जयभीम!