भिंतीच्या आतला पहारेकरी

हिंडलग्याच्या बाजूला जाताना कारागृहाची भिंत दिसली की आतल्या कैद्यांचा विचार मनात येतो. त्याच भिंतीआड आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणारा पहारेकरी मात्र सहसा कुणाला आठवत नाही. कैद्यांत वावरताना त्याच्या हाती फार तर काठी असते. बंदूक आत नेली तर ती हिसकावली जाण्याचेच भय अधिक. मग त्याचे रक्षण होते तरी कशाने?

कायद्याने, असे कोणी म्हणेल. कामावरील सरकारी नोकरावर हात उगारणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या १३२ व्या कलमान्वये दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु जो आधीच जन्मठेप भोगतो आहे, त्याला आणखी दोन वर्षांचे भय ते काय? शिवाय कायदा येतो तो घाव बसल्यानंतर.

शस्त्रबळाने, असे म्हणावे तर अमेरिकेतील ॲटिका तुरुंगाचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. तेथे दाटी फार होती. आंघोळ आठवड्यातून एकदा. १९७१ च्या उन्हाळ्यात कैद्यांनी आपल्या मागण्या वरिष्ठांना लेखी कळविल्या, पण हाती काही पडले नाही. ९ सप्टेंबरला दंगा उसळला. मधल्या फाटकाचा सदोष सांधा धक्क्यासरशी निखळला आणि सुमारे चाळीस कर्मचारी ओलीस सापडले. एक पहारेकरी त्या दिवशीच्या मारहाणीने पुढे दगावला. उरलेल्या ओलिसांना इजा होऊ नये म्हणून काही मुस्लिम कैद्यांनीच त्यांच्याभोवती कडे केले. १३ तारखेला सरकारने सशस्त्र हल्ला चढविला. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असे प्रथम सांगण्यात आले. शवचिकित्सेत मात्र ते गोळ्यांनी मेल्याचे निघाले आणि कैद्यांजवळ तर बंदुका नव्हत्या! एकूण ४३ माणसे मेली; त्यांत ११ कर्मचारी.

यातून बोध काय घ्यावा? फाटके मजबूत हवीत, धोक्याची घंटा हाताशी हवी, झडती नियमित हवी, हे तर खरेच. पण पहारेकऱ्याचे खरे चिलखत निराळे आहे. कैद्यांना नावानिशी ओळखणारा, कोण गप्प झाला, कोणाचे कोणाशी बिनसले हे हेरणारा आणि रास्त तक्रार वर पोचविणारा पहारेकरी संकट आधीच ओळखतो. मात्र त्यासाठी त्याला सवड आणि शिक्षण हवे.

आपल्याकडे आदर्श कारागृह नियमावली दर सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा असे सांगते. प्रत्यक्षात जागा रिकाम्या राहतात, आणि २०२२ अखेर देशातील तुरुंगांत दर शंभर जागांमागे १३१ कैदी होते. एवढ्या गर्दीत एकटा माणूस कोणाकोणाला ओळखणार?

म्हणून कैद्याची सोय पाहणे म्हणजे पहारेकऱ्याकडे दुर्लक्ष करणे, हा समज सोडून द्यावयास हवा. दोघे एकाच भिंतीच्या आत आहेत. आतली दाटी आणि अन्याय कमी झाला, तर संध्याकाळी सुखरूप घरी परतण्याची पहारेकऱ्याची आशा तेवढीच वाढते.